मावंदं मागाहून

"धर गं, धर जरा, कंबर गेली माझी!" असं ओरडत आमचे हे दारात उभे राहिले. खांद्यावर गोणी, आणि डोक्यावर एकात एक घातलेल्या तीन पांढऱ्या टोप्या.

अमळनेरजवळच्या आमच्या गावी चुलतभावाच्या मुलीचा साखरपुडा होता. तिथून एसटीने ते जळगावला परत आले होते. साखरपुड्याला गेलेला माणूस फार तर पिशवीतून चार लाडू आणतो. यांनी गोणीभर नारळ आणले होते.

"दुकान टाकायचंय का?" मी विचारलं.

"लोकांनी दिले गं." गोणी खाली ठेवून ते तिच्यावरच बसले. "मी फक्त एवढंच म्हटलं, हरिद्वारवरून पुढे बर्फात जातोय. तर एकेक जण घरात जाऊन नारळ घेऊन आला. कुणी टोपी घातली, कुणी टॉवेल दिला. लोटन आबांनी नातवंडांना माझ्या पाया पडायला लावलं. माझ्या! माणसं काय चांगली आहेत गं आपली."

त्यांचे डोळे भरून आले होते. खिशातून त्यांनी रुमालाची पुरचुंडी काढली. आत सुट्टी नाणी आणि सुपाऱ्या होत्या, गंगेत टाकायला लोकांनी दिलेल्या.

माझ्या सासूबाई, झुंबरबाई, ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"नवल, तू नारय लई लिधात का?"

"हाव माय. नही कसं म्हनू?"

"मंग आते मावंदं करनं पडी," त्या म्हणाल्या आणि पुन्हा लसूण सोलायला लागल्या.

मी कपाळावर हात मारला. तीर्थाला निघालेल्या माणसाला भाऊबंद नारळ-टोपी देतात, आपल्या नावाने गंगेत टाकायला नाणं देतात. घेणाऱ्याने ते घेतलं की त्याने शब्द दिला असं धरतात. परत आल्यावर गंगेचा गडू पुजायचा आणि साऱ्या भाऊबंदांना जेवू घालायचं, ते मावंदं. आमच्याकडे भाऊबंद म्हणजे अख्खं गाव, आणि जेवण म्हणजे वरण-बट्टी, वांग्याची भाजी, वर गोड. हे सगळं छप्पन्न वर्षांच्या माणसाला ठाऊक नव्हतं असं नाही. पण आपण बर्फात घसरायला चाललोय, तीर्थाला नाही, हे त्यांच्या डोक्यात इतकं पक्कं होतं की समोरचे नारळ म्हणजे नुसतं प्रेम, असं त्यांनी धरून घेतलं. आमचे हे असेच आहेत. कुणी प्रेमाने विष दिलं तरी आधी आभार मानतील.

आता हे बर्फाचं खूळ आमच्या घरात आलं कसं, ते सांगते.

लग्न झाल्यापासून मी यांना एकाच ठिकाणी कामाला जाताना पाहिलं, जळगावच्या एका बर्फाच्या कारखान्यात. मिठाच्या पाण्याच्या टाकीत डबे सोडायचे, जमलेली लादी बाहेर काढायची, आकड्याने ओढत नेऊन भुश्यात ठेवायची. बाहेर डांबर वितळत असायचं आणि हे आत स्वेटर घालून उभे. लग्नसराईत घरी जेवायला यायलाही सवड नसे. साऱ्या गावाच्या सरबताची, लस्सीची, मठ्ठ्याची सोय करून हा माणूस घरी यायचा आणि माठातलं पाणी पिऊन झोपायचा. पण जो तो स्वतःचं यंत्र घ्यायला लागला, लादी कुणी मागेना, आणि या दिवाळीला शेठजींनी कारखाना बंद केला. वाईट माणूस नव्हता. हिशोब चोख दिला, शाल दिली, रडलासुद्धा.

शाल घेऊन हे घरी आले आणि गप्प झाले. भांडत नव्हते, चिडत नव्हते, वाढलं ते जेवत होते. भाजीत मीठ नसलं तरी बोलेनात. सकाळी कामाच्या वेळी उठून अंघोळ करायचे, कपडे घालायचे आणि खुर्चीत बसायचे. मला त्या खुर्चीची भीती वाटायला लागली होती.

आमची भाविका धुळ्याला एका दवाखान्यात नर्स आहे. सुट्टीला येते. एका रविवारी ती मला फोनवर व्हिडिओ दाखवत होती. तिच्याबरोबरची प्रज्ञा हिवाळ्यात औलीला गेली होती आणि पायाला लांब फळ्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत होती. घसरत कसली, किंचाळत होती. हे मागे येऊन कधी उभे राहिले कळलंच नाही.

"एवढ्या बर्फाला भुसा कोण घालतं?" त्यांनी विचारलं.

आम्ही दोघी वळून पाहायला लागलो. दिवाळीनंतरचा तो त्यांचा पहिला प्रश्न होता. मग दुसरा आला, "पायाखाली काय लावलंय?" मग तिसरा, "घसरत कुठवर जाता येतं?" भाविकाने माझ्याकडे पाहिलं. पोरगी शहाणी आहे, तिने तिथल्या तिथे ठरवलं.

"पप्पा, आपण जायचं. फेब्रुवारीत."

आधी एका ट्रॅव्हल कंपनीत विचारलं. तिथला मुलगा म्हणाला, पंचावन्नच्या वरच्यांना स्कीइंग नाही, त्यांनी बसून फोटो काढायचे. हे ऐकून भाविकाचं नाक लाल झालं. मग आम्ही आमचं आम्हीच करायचं ठरवलं. आणि खरं सांगते, त्या ठरवण्यातच आमची निम्मी सहल झाली.

शनिवारी रात्रीची जेवणं आटोपली की बैठक बसायची. जळगावहून रेल्वेने दिल्ली, तिथून हरिद्वार, पुढे बसने जोशीमठ. औलीत राहायचं नाही, तिथे खोल्या महाग. खाली जोशीमठात राहायचं आणि रोज जीपने वर जायचं. बूट, फळ्या आणि शिकवणारा तिथे भाड्याने मिळतो. गरम कपडे प्रज्ञाकडून उसने, उरलेले हिवाळ्यात जळगावात बसणाऱ्या तिबेटी स्वेटरवाल्यांकडून. जाताना दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लोणचं, म्हणजे दोन दिवस खाण्याचा खर्च नाही. भाविकाला एसीचा डबा हवा होता, मला वाटेत गरम जेवण हवं होतं. दोघींनीही सोडलं. हे मात्र एका गोष्टीवर अडून बसले होते.

"शिकवणारा दोन दिवस हवा. एका दिवसात काय येतं? मला नुसतं उभं राहायला एक दिवस लागेल."

कुणाशी एका पैशाचीही घासाघीस न करणारा हा माणूस स्वतःसाठी काहीतरी मागत होता. मी गरम जेवणच काय, नव्या साडीवरही पाणी सोडलं असतं.

सासूबाई या बैठकीत नसायच्या, पण सगळं ऐकायच्या. त्यांचे गुडघे गेलेत, डॉक्टरांनी उंचावर जायला मनाई केलेली. भाविका म्हणाली, "आजी, हरिद्वारपर्यंत तरी चल." तर म्हणाल्या, "मन्ही गंगा घर येई. मी कसाले जाऊ?"

असं सगळं जुळत आलं होतं, आणि त्यात ही गोणी आली.

पुढच्या शनिवारी भाविका आली आणि तिने नारळ पाहिले. मग मी सांगितलं. ती मटकन खाली बसली.

"मम्मी, एवढ्या माणसांचं जेवण म्हणजे आपल्या ट्रिपच्या दुप्पट खर्च! नाकापेक्षा मोती जड. नाही करायचं. आपण फिरायला चाललोय."

"माय, खरंच," हे आईकडे वळले. "मी फिराले जाई राह्यनू, यात्राले नही."

"तू कोठेबी जाय," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "नारय लिधा म्हंजे यात्रा व्हयनी. गंगा घरमा येई आनि भाऊबंद उपाशी राहतीन?"

"मग नारळ परत देऊ," भाविका म्हणाली.

यावर आम्ही तिघंही एकदम तिच्याकडे पाहायला लागलो. दिलेला नारळ परत करणं म्हणजे दारात जाऊन थोबाडीत मारण्यासारखं. शहरात वाढलेल्या पोरीला ते कसं कळावं? आमची तोंडं पाहून तिने स्वतःच तो विषय सोडला.

मला सासूबाईंचा राग आला नाही. त्यांचं मन मला ठाऊक होतं. माझे सासरे, देवचंद, काशीला जायचं म्हणत म्हणत गेले. सासूबाईंनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या मावंद्यात बट्ट्या वळल्या. "बठ्ठास्ना दारमा पंगत बसनी, मन्हा दारमा नही," असं त्या एकदा सहज बोलून गेल्या होत्या आणि लगेच विषय बदलला होता. आता लेक हरिद्वारला निघाला होता. त्यांच्या दारात पंगत बसायची ही पहिली वेळ होती, आणि शेवटचीही. त्यांनी मागितलं नसतं तरच नवल.

मग हे उठले.

"तुम्ही दोघी जा," ते म्हणाले. "नारळ मी घेतलेत. मी गेलो नाही तर यात्रा झाली नाही, आणि यात्रा झाली नाही तर मावंदं नाही. तिकिटात एक माणूस कमी, तेवढेच पैसे वाचतील. व्हिडिओ काढून आणा, मी पाहीन."

आणि ते जाऊन त्या खुर्चीत बसले.

त्यानंतरचे दिवस मला आठवायलाही नको वाटतात. भाविका फोनवरून समजावायची, हे "हं, हं" करायचे. प्रश्न नाहीत, उत्तरं नाहीत. तिबेट्याकडून आणलेली लोकरी टोपी त्यांनी घडी करून कपाटात ठेवली. मी एक दिवस मुद्दाम भाजीत मीठ टाकलं नाही. त्यांनी मुकाट्याने जेवण संपवलं.

सासूबाई समोर बसून पाहत होत्या. त्यांनीही तीच भाजी खाल्ली होती.

दोन दिवसांनी लोटन आबा आले. आबा माझे चुलत सासरे, सासूबाईंचे दीर, भाऊबंदांतले सर्वांत वडील. जळगावला दात दाखवायला आले होते, तेव्हा जाता जाता मावंद्याची तारीख धरून जावी असा त्यांचा बेत. चहा पिऊन झाल्यावर त्यांनी विषय काढला.

"वहिनी, तारीख कव्हयनी धरानी? आचारीले आतेपासून सांगनं पडस."

हे खुर्चीतून उठून काहीतरी बोलणार होते. आपण जात नाही, हेच सांगणार असावेत. सासूबाईंनी हाताने त्यांना थांबवलं.

"लोटनभाऊ, गंगा येई," त्या म्हणाल्या. "तुम्हना नारय वाया जावाव नहीत. पन गडू देव्हारामा बंद ऱ्हाई. मावंदं मन्हा मांगे. मी गऊ का मन्हं तेरावं आनि मावंदं, दोन्ही एकच सैपाकमा करी टाकतीन."

"माय!" असं हे ओरडले. लोटन आबांनी डोळे बारीक करून भावजयीकडे पाहिलं. त्यांचं वय सासूबाईंहून दोन-चार वर्षांनीच कमी असेल.

"मंग आम्ही तुन्ही मरानी वाट देखानी का?"

"देखा. घाई थोडीच शे?"

"आनि मी पहिले गऊ ते?" आबा कळवळून म्हणाले. "मन्हं जेवन बुडनं ना, वहिनी!"

"तुन्हं ताट तुन्हा पोऱ्या जेवी. नूतन, याना पोऱ्याले दोन बट्ट्या जास्ती वाढजो," त्या मला म्हणाल्या.

आधी आबा हसले. खोकला येईपर्यंत हसले. मग मी हसले, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला, कारण त्या बाईने काय सोडलं ते त्या घरात मला एकटीलाच पुरतं ठाऊक होतं. हे मात्र हसले नाहीत. आईसमोर जाऊन जमिनीवर बसले.

"माय, तू असं कसाले बोलस? माले नही जानं कोठेच."

सासूबाईंनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. डोकं पांढरं झालंय आता. "दिवाळीपासून तू घरमा मुका शे. तो बरफ देखना आनि बोलना. आते आखो मुका व्हई गया. परवदिन भाजीमा मीठ नव्हतं, तरी बोलना नही. माले मावंदं नको रे, माले तुन्हा आवाज जोयजे."

लोटन आबांनी उपरण्याने तोंड पुसलं. "जाय नवल," ते म्हणाले. "गावले मी सांगस. कोनी काही बोलाव नही." आणि त्यांनी खरंच सांगितलं. गावात कुणी नावं ठेवली नाहीत. उलट लोटन आबांच्या तोंडून ही गोष्ट ऐकून लोक अजून हसतात आणि हसून झाल्यावर झुंबरबाईंचं नाव आदराने घेतात. अशी सासू मिळायला मी काय पुण्य केलं होतं कोण जाणे. तसं मी त्यांना कधी म्हटलं नाही. त्या रात्री त्यांच्या गुडघ्यांना तेल जरा जास्त वेळ चोळलं एवढंच.

आम्ही गेलो. हरिद्वारला भल्या पहाटे यांनी गंगेच्या काठी पुरचुंडी सोडली. एकेक नाणं टाकताना देणाऱ्याचं नाव घेत होते, आणि नाव विसरलं की टोपीवरून आठवत होते. गडू भरून, तोंडाला धातूचा डाख लावून बंद करून घेतला. जोशीमठच्या रस्त्यात भाविकाला उलट्या झाल्या, मला भीती वाटली, आणि हे खिडकीला नाक लावून लहान पोरासारखे बसले होते. पहिला बर्फ दिसला तेव्हा ते इतकंच म्हणाले, "भुश्याची गरजच नाही गं इथे."

औलीचा उतार मी सांगू शकत नाही. आम्ही उन्हाळ्यात पंचेचाळीस डिग्रीत पापड वाळवणारी माणसं. तिथे सगळीकडे नुसता पांढरा उजेड होता, आणि समोर डोंगर, इतके जवळ की हळू बोलावंसं वाटे.

शिकवणारा मुलगा तिथलाच होता. पहिला दिवस उभं राहण्यातच गेला, यांनी सांगितलं होतं अगदी तसा. हे पडायचे, उठायचे, पडायचे. "अंकलजी, घुटने मोडो, डरो मत," तो ओरडायचा. भाविका तोवर छान घसरायला लागली होती. मी एकदाच फळ्या बांधल्या, एकदाच पडले आणि पुढे काठावर बसून दशम्या सांभाळल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते छोट्या उतारावर उभे राहिले. मुलाने पाठीला हलका हात लावला, आणि ते निघाले. गुडघे वाकलेले, हात पसरलेले, तोंड उघडं. मला वाटलं आता पडतील, आता पडतील. ते पडले नाहीत. मुलाने थांबायला सांगितलेल्या खुणेच्याही पुढे गेले, आणखी पुढे गेले, आणि सपाटीवर हळूहळू आपोआप थांबले. जन्मभर या माणसाला मी बर्फ ओढताना पाहिलं होतं. आज बर्फ त्यांना नेत होता, आणि त्यांना काही करावं लागत नव्हतं. मी काठावर बसून रडले. भाविका शिट्ट्या वाजवत होती.

मी भाविकाच्या फोनवरून घरी व्हिडिओ कॉल लावला. शेजारच्या कमलबाईंनी सासूबाईंसमोर फोन धरला होता. चेहरा दिसला, मधेच अडकला, पुन्हा दिसला. हे धापा टाकत येऊन स्क्रीनसमोर वाकले.

"माय!" ते ओरडले. "मी गऊ! खाले लगून गऊ!"

"पडना का रे?"

"नही माय. पडनू नही."

"माले दिसनं नही," सासूबाई म्हणाल्या. "आखो एक डाव जाय. मी देखस."

पुन्हा वर जायला तारेवरच्या पाळण्यांची सोय होती, पण त्याचं तिकीट आमच्या बेतात नव्हतं. यांनी फळ्या सोडल्या, दोन्ही खांद्यावर घेतल्या आणि त्या जड बुटांनी चढ चढायला लागले. दर चार पावलांवर थांबत होते, श्वास घेत होते, पुन्हा चढत होते.

मी फोन त्यांच्या पाठीकडे धरून उभी राहिले. बोटं बधिर झाली. पलीकडून सासूबाईंनी विचारलं, "आते कोठे पोहचना?" मी म्हटलं, "अजून चढताहेत, माय," आणि हात थोडा आणखी वर धरला.